सहीच्या आधीचं काँक्रीट

आमच्या गावची एक रीत आहे. दुसऱ्याकडे मागायला जायच्या आधी स्वतः हात घालायचा. वणव्यात कुंपण जळालं तर घरधनी पहिला खांब स्वतः रोवतो, मग शेजारीपाजारी पहार घेऊन येतात. जो नुसता हात जोडून बसतो त्याला बार्कर्स क्रॉसिंगमध्ये कुणी चहासुद्धा विचारत नाही. मला ही रीत जन्मापासून पटत आलीय. पण त्या मार्चमध्ये ह्याच रीतीनं माझ्या तोंडचा घास काढला.

मी रेलीन ट्रॅन्टर. गावच्या लाकडाच्या मिलमध्ये एकतीस वर्षं मोजणीदार होते. सरकारनं जंगलतोड बंद केली आणि मिलला कुलूप लागलं. मेलबर्नपासून लांब, गिप्सलँडच्या ह्या डोंगरात मिल सोडून दुसरं काय आहे? एक शाळा, एक पब, एक फुटबॉलचं मैदान. मिल गेली की माणसं जाणार, माणसं गेली की शाळा जाणार, हे कळायला काही ज्योतिषी लागत नाही. म्हणून आम्ही आठ जणांनी मिळालेल्या नुकसानभरपाईतला मोठा वाटा एकत्र केला. ठरवलं की जुन्या शेडमध्ये कारखाना काढायचा. जंगल नको, लागवडीची निलगिरी आणायची आणि तिच्यापासून खिडक्या-दारांच्या चौकटी बनवायच्या. अर्धे पैसे आमचे. अर्धे सरकार देणार होतं, कारण अशा गावांत नोकऱ्या उभ्या राहाव्यात म्हणून सरकारनं एक योजना काढली होती. अर्जात 'किती नोकऱ्या?' असा रकाना होता, तिथं मी अकरा लिहिलं.

सात महिने तो अर्ज माझ्या उशाशी होता. चौऱ्याहत्तर पानं! नकाशे काय, दाखले काय, पुढच्या पाच वर्षांचे अंदाज काय. मी म्हटलं, एवढं भविष्य सांगता आलं असतं तर मी लॉटरीच घेतली नसती का? पण भरला. अखेर एका शुक्रवारी मेलबर्नला बोलावणं आलं. खात्याच्या इलेनी कारास म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या आत-बाहेरच्या, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "मंजूर झाल्यासारखंच आहे, रेलीन. मी गुरुवारी गावात येते, जागा बघते, फोटो काढते आणि तिथंच करारावर सही करू."

मी दोन दिवस बहिणीकडे राहिले, हवेत तरंगत. रविवारी दुपारी गाडी घेऊन गावात शिरले, तर मिलच्या फाटकाशी ही गर्दी. सगळ्या गावाच्या गाड्या तिथं. सॉसेज आणि कांदा परतल्याचा वास. माझा नवरा कॉल फाटकाशी उभा. त्याचं तोंड इतकं हसरं मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"कॉल, मी अडीचशे मैल गाडी हाणत आलेय, मला आधी बाथरूमला जायचंय."

"मीट म्हणतो ना!"

मिटले. त्यानं हाताला धरून शेडमध्ये नेलं. उघडले. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शेडची जुनी कुजकी जमीन गेली होती. तिथं नवंकोरं काँक्रीट, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुळगुळीत, कडेनं पाणी जायचे पाट काढलेले. शुक्रवार-शनिवार सगळ्या गावानं श्रमदान केलं होतं. कुणी सिमेंट दिलं, कुणी मिक्सर आणला, ब्याऐंशी वर्षांच्या मर्ल आजीनं दोन दिवस चहाचं पातेलं उतरू दिलं नव्हतं. ह्या सगळ्यांच्या पुढं उभा होता ब्रेट हॉलंड्स, आमचा सॉ डॉक्टर.

सॉ डॉक्टर म्हणजे करवतीची पाती जिवंत ठेवणारा माणूस. वीतभर रुंदीचं ते लांबलचक पातं ऐरणीवर घेऊन हातोडीनं ठोकून ठोकून असं ताणायचं की ते मशीनवर सरळ धावलं पाहिजे. एक ठोका चुकला तर पातं वळवळतं आणि लाकूड वाकडं कापलं जातं. दोनशे मैलांत हे येणारा ब्रेट एकटा होता. तो नसेल तर आमचा कारखाना म्हणजे नुसती शेड.

"काय मग, बाई?" ब्रेट म्हणाला. "सरकारी पाहुणे येतील तेव्हा त्यांना दिसू दे. आम्ही काय हात चोळत बसणारी माणसं नाही."

मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं आनंदानं. मर्ल आजीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "रड गं, रड. मोकळी हो."

मी रडत होते ते वेगळ्याच कारणानं. त्या चौऱ्याहत्तर पानांतल्या एकोणिसाव्या पानावर जाड अक्षरात लिहिलं होतं की करारावर सही होण्याआधी कामाला सुरुवात केलीत, तर अर्ज बाद. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. का? तर मी अशीच. एखादी गोष्ट हातात पडेपर्यंत तोंडातून काढायची नाही, नाहीतर नजर लागते, असं माझी आई म्हणायची. आणि कॉलनं श्रमदानाचं मला सांगितलं नाही, कारण त्याला मला चकित करायचं होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून दोनच गोष्टी लपवल्या असतील. त्या नेमक्या एकाच आठवड्यात!

तिथंच सांगून टाकलं मी. तव्यावरचा कांदा करपत राहिला.

"म्हणजे," ब्रेट हळूच म्हणाला, "सुरुवात केली म्हणून पैसे नाहीत?"

"सुरुवात केली म्हणून."

"आणि केली नसती तर मिळाले असते?"

"हो."

"हे कुठलं गाढवाचं गणित?"

मी चिडले. "मला काय विचारतोस? मी केलंय का ते? मला विचारायचं होतंस ना फावडं उचलायच्या आधी!"

"आणि तू तोंड उघडायचं होतंस ना आधी!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला बोलणार?

सोमवारी सगळे हॉलमध्ये जमलो. ब्रेटनंच तोड काढली. मिलच्या मागं भुशाचा डोंगर पडलेला आहे, तो आणायचा, काँक्रीटवर घोटाभर पसरायचा, वर चार कुजक्या फळ्या टाकायच्या. बाई येतील, फोटो काढतील, सही करतील, जातील. पुढच्या आठवड्यात भुसा झाडायचा.

"जमेल की!" सगळे म्हणाले.

मी काय म्हणाले? खोटं कशाला सांगू, मीही म्हणाले, "करा." अकरा माणसांची पोटं होती. शाळेत एकोणीस मुलं होती, त्यातल्या दोघी ब्रेटच्या. शिवाय ब्रेटच्या खिशात पश्चिमेकडच्या सोन्याच्या खाणीचं नोकरीचं पत्र होतं, पगार इथल्या दुप्पट, हे मला त्याच्या बायकोनं, टॅमीनं, सांगितलं होतं. गुरुवारी सही झाली तर तो ते पत्र फाडणार होता.

गुरुवारी सकाळी इलेनी आल्या. नवे कोरे बूट, हातात फाइल. सगळं गाव काही ना काही निमित्त काढून मिलमध्ये हजर. मर्ल आजी लॅमिंग्टन केकचं ताट घेऊन उभी, जणू रोज मिलमध्ये केक वाटायचीच पद्धत आहे. इलेनींनी शेडमध्ये इकडून तिकडून फोटो काढले. भुशातून चालताना म्हणाल्या, "जमीन बरीच घट्ट आहे हो." ब्रेट म्हणाला, "जुनी माती, बाई. शंभर वर्षं तुडवलेली." कॉलला ठसका लागला.

मग त्यांनी फाइल उघडली, पेन माझ्या हातात दिलं आणि एक ओळ वाचून दाखवली, "जागेवर कोणतंही काम सुरू झालेलं नाही, असं मी जाहीर करते."

आता माझा एक दोष आहे. मला खोटं बोलता येत नाही. ह्यात सद्गुण वगैरे काही नाही, माझी मान लाल होते, बस. लहानपणी एक बिस्कीट चोरलं तरी मान लाल व्हायची आणि आई मागूनच ओळखायची. मी पेन धरून उभी राहिले आणि मानेवर जाळ चढत गेला. मला एकदम लाज वाटली, आणि ती सही करण्याची नव्हती. चाळीस माणसांनी दोन दिवस राबून केलेलं काम मी भुशाखाली गाडून वर उभी होते, एखादं पाप लपवावं तसं. त्या कामाची मला लाज वाटतेय असं त्यांना दिसत होतं. हे मला सहन होईना.

मी पेन परत दिलं. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि भुसा झाडायला लागले.

"रेलीन!" ब्रेट ओरडला. "काय करतेस?"

"गप बस."

दहा-बारा फूट झाडल्यावर इलेनी खाली वाकल्या. काँक्रीट ओलं असताना सगळ्यांनी बोटांनी आपापली नावं लिहून ठेवली होती, आणि कुणा शहाण्यानं वर तारीखही घातली होती, मोठ्या अक्षरात. त्या नावं वाचत गेल्या. कॉलनं घाईनं दुसरा झाडू घेतला. मग टॅमीनं फळ्या ओढल्या. सगळी जमीन उघडी झाली. इलेनींनी बेचाळीस नावं मोजली आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"तारीख कशाला घातलीत हो?" त्या म्हणाल्या.

"बघणाऱ्याला कळावं म्हणून," मर्ल आजी म्हणाली. "केक घ्या."

केक घेतला त्यांनी. पण फाइल मिटली.

"मला हा अर्ज बाद करावा लागेल," त्या म्हणाल्या. "नियमामागचा विचार ऐका. जे काम आमच्या पैशांशिवाय होणारच होतं, त्याला सरकारनं पैसे का द्यायचे?"

"आमच्याकडे उलटं आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "जो सुरुवातच करत नाही त्याला आम्ही कशाला मदत करायची? ह्या लोकांनी सुरुवात केली ती तुम्ही याल ह्या भरवशावर केली. तुम्ही आला नाहीत तर ही नुसती जमीन आहे, इलेनीबाई. हिच्यावर नाचायचं का आम्ही?"

त्यांनी केकचा शेवटचा घास खाल्ला आणि बोटं पुसली. मग म्हणाल्या, "सप्टेंबरात योजनेची पुढची फेरी आहे. तेव्हा इमारतीचे पैसे मागू नका. इमारत तुमची तुम्ही बांधा, कशीही, केव्हाही. फक्त यंत्रं मागा. आणि सहीपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. ऑर्डर नाही, आगाऊ रक्कम नाही, काही नाही."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ह्याहून खरी म्हण नाही. इलेनींची गाडी गेली आणि ब्रेट माझ्याजवळ आला.

"मला सहा महिने थांबता नाही येणार, रेलीन. घराचे हप्ते आहेत. पोरी आहेत."

"माहीत आहे."

"सगळं मीच केलं. काँक्रीट माझीच कल्पना."

"तुझीच," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "कधी निघतोस?"

"पाच आठवड्यांनी."

मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठले ती ठरवूनच. अर्जात एक प्रश्न होता, 'आवश्यक कुशल कामगार गावात उपलब्ध आहेत का?' तिथं 'होते, पण खाणीत गेले' असं लिहून कोण पैसे देणार? आठला ब्रेटच्या दारात उभी राहिले.

"मला शिकव."

"काय?"

"पातं ताणायला."

तो हसला. मग मी हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. "अगं, मला चार वर्षं लागली शिकायला. तू अठ्ठावन्नची आहेस."

"वय विचारलं नाही मी. हातोडी कुठली घेऊ ते सांग."

पाच आठवडे, रोज सकाळी. भंगारातली जुनी पाती. ऐरणीवर पातं, त्यावर पट्टी धरायची, पट्टी आणि पात्यामध्ये उजेडाची फट दिसते ती बघायची, आणि फट जिथं नको तिथं ठोका घालायचा. ऐकायला सोपं. पहिल्या आठवड्यात मी तीन पाती अशी वाकवली की कॉलनं त्यांच्यापासून बागेतल्या वाफ्यांच्या कडा केल्या. माझा उजवा खांदा इतका दुखायचा की केस विंचरायला कॉल लागायचा. ब्रेट शिकवायला कठोर. "मारतेस कशाला? काय वैर आहे का तुझं त्याच्याशी? हळू!" मी उलटून बोलायची, तो उलटून बोलायचा. टॅमी आतून ओरडायची, "लग्न लावून द्या रे ह्यांचं एकदाचं!"

पाचव्या आठवड्यात एक पातं बरं झालं. चांगलं नाही, बरं. ब्रेटनं फट बघितली, परत बघितली, आणि आपली हातोडी माझ्या पिशवीत टाकली. शनिवारी ते चौघं गेले. शाळेत सतरा मुलं उरली. जूनमध्ये आणखी एक कुटुंब गेलं, ते कायमचंच. एक शिक्षिका कमी झाली. आमच्याकडे जून-जुलैत हिवाळा; तो मला आठवूसुद्धा नये.

पण शेड उभी राहत गेली. दर शनिवारी श्रमदान. छपराचे पत्रे बदलले, वायरिंग झालं, खिडक्या बसल्या. मी फाटकावर एक पाटी लावली होती, 'यंत्राचा एक खिळाही आणणाऱ्याला गावाबाहेर काढण्यात येईल'. लोक हसायचे. पण एकदा कॉलनं लिलावात स्वस्तात मिळणारा यंत्राचा एक पट्टा नुसता हातात घेऊन बघितला, तर तीन जणांनी त्याच्यावर झडप घातली.

सप्टेंबरात अर्ज टाकला. ह्या वेळी एकोणिसावं पान मी मोठं करून हॉलमध्ये, पबमध्ये आणि शाळेच्या दारावर चिकटवलं. ऑक्टोबरात इलेनी पुन्हा आल्या, ह्या वेळी जुने बूट घालून.

"सॉ डॉक्टर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ही काय," मी म्हणाले, आणि पातं ऐरणीवर ठेवलं.

चाळीस मिनिटं लागली. ब्रेटला दहा लागली असती. घाम माझ्या नाकावरून पात्यावर पडत होता. इलेनींनी खाली बसून फटीतून उजेड बघितला. त्यांना त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. उठल्या, गुडघे झटकले आणि फाइल उघडली. ती जाहीर करण्याची ओळ मी स्वतः मोठ्यानं वाचली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी, आणि सही केली. मान लाल झाली नाही. मर्ल आजी तेवढी रडली. तिला म्हटलं, "रड गं, मोकळी हो."

लोक पबकडे गेले. मी शेडमध्येच थांबले आणि खाणीच्या गावाला फोन लावला. ब्रेटनं उचलला. मागं टीव्हीचा आवाज, पोरींचं भांडण.

"सही झाली," मी म्हणाले.

"छान झालं. अभिनंदन, रेलीन. सॉ डॉक्टर म्हणून कोण दाखवलंस?"

"मी."

"पातं धावेल?"

"धावेल. रडत रडत. ब्रेट, मला हे काम येतं असं म्हणण्याइतकी मी निर्लज्ज नाही. पगार खाणीच्या निम्मा आहे. जानेवारीत यंत्रं येतात. तुझं घर अजून रिकामं पडलंय, मी मधूनमधून खिडक्या उघडते."

"मी तुझा अर्ज बुडवला होता."

"बुडवलास. त्याबद्दल तू गेल्यापासून मी तुला रोज शिव्या घालते, खांदा दुखला की जास्त. पण इतक्या लांबून घालून समाधान होत नाही. ये आता, तोंडावर घालते."

पलीकडे टीव्ही बंद झाला. पोरी गप्प झाल्या.

मग त्यानं फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नव्हता. त्याची हाक मला स्वच्छ ऐकू आली.

"टॅमी, खोकी काढ गं."